समासातलं पाणी

माझ्या पहिल्या एकांकिकेची वही सरांकडून परत आली, तेव्हा तिच्या समासात पेन्सिलीनं अकरा ठिकाणी 'पाणी' असं लिहिलेलं होतं. दोन ठिकाणी 'दूध बघून आलो' होतं. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, जिथं माझ्या अंदाजानं प्रेक्षकांनी रुमाल काढायचे होते नेमकं तिथं, 'दार वाजल्यासारखं वाटलं. कुणी नव्हतं.'

मला आधी वाटलं, म्हाताऱ्यानं घरची टिपणं चुकून माझ्या वहीत केली. मग राग आला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नुकती लागले होते, आणि आपल्यात एक मोठी लेखिका दडलेली आहे याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. वही घेऊन तडक परत गेले.

"सर, हे पाणी काय आहे?"

"पाणी म्हंजे पाणी. तितं मी पाणी प्यायला उठलो."

"अकरा वेळा?"

"तहान लागली."

"पण नाटक कसं आहे?"

"ते मला काय म्हाईत? नाटक तू लिवलंयस. मला किती येळा तहान लागली एवढंच मला म्हाईत. तेवढं लिवून ठिवलंय."

घरी येऊन मी ती अकरा ठिकाणं काढून बसले. प्रत्येक ठिकाणी माझी दोन पात्रं समोरासमोर उभी राहून दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकमेकांना सांगत होती. 'तुला माहीतच आहे ताई, की आपले बाबा पाच वर्षांपूर्वी गेले.' ताईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. सर बिचारे उठून पाणी प्यायला गेले होते. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं माझ्या एका एकांकिकेनं त्यांच्या माठाचा तळ दाखवला होता.

सोलापुरातल्या आम्हा हौशी नाटकवाल्यांमध्ये असा एकही जण नसेल ज्याच्या वहीत सरांचं पाणी नाही. सर एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. मूळचे करमाळ्याकडच्या एका खेड्यातले. वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, पण शाळेचं फाटक ओलांडलं की गावाकडची भाषा तोंडात यायची. स्वतः त्यांनी एकही नाटक लिहिलं नव्हतं, एकही बसवलं नव्हतं, रंगमंचावर कधी पाय ठेवला नव्हता. तरी कुठल्याही ग्रुपनं नवीन संहिता हाती घेतली की ती पहिल्यांदा जुळे सोलापूर वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी जायची. असं कुणी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं.

ते जमिनीवर बसून वाचत. भिंतीला पाठ, पाय लांब पसरलेले, मांडीवर पाट आणि पाटावर वही. शर्टाच्या वरच्या काजात दोरा ओवून त्याला अंगठ्याएवढी पेन्सिल बांधलेली असायची. पेन्सिल हरवली की खोटं लिहायला सवड मिळते, असं त्यांचं एक अजब म्हणणं होतं. उठल्यावर परत येऊन आठवून लिहू म्हटलं, की माणूस चार वेळांचं दोन वेळा करतो. म्हणून उठायच्या आधी लिहायचं आणि मगच उठायचं.

नाटकाला गेले की पहिल्या घंटेला फोन बंद करत. आवाज बंद नव्हे, फोनच बंद. "त्यांनी वरीसभर घासलंय. माझ्या खिशातल्या डबड्यानं दोन तास दम धरला तर काय बिघडतंय?" नाटक संपल्यावर ते आत रंगपटात कधीही जायचे नाहीत. बाकी सगळं गाव आत शिरून गळ्यात पडायचं, फोटो काढायचं, 'अप्रतिम' म्हणायचं. सर शांतपणे बाहेर पडून सात रस्ता चौकापर्यंत चालत जायचे आणि तिथून रिक्षा करायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "आज त्यांच्या तोंडाला रंग हाय. रंग उतरू दे." तिसऱ्या दिवशी मात्र ते त्या नटाच्या कचेरीत, दुकानात, जिथं तो असेल तिथं हजर व्हायचे. कचेरीत जेवायची सुट्टी झाली आणि दारात सर दिसले, की आम्ही उघडलेला डबा परत बंद करायचो.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की सर फार हळुवार होते. तसं मुळीच नव्हतं. एकदा आमच्या ग्रुपच्या दिग्दर्शकानं, म्हणजे बँकेतल्या एका साहेबांनी, 'भीड बाळगू नका सर, स्पष्ट सांगा' म्हणून फारच गळ घातली. सर म्हणाले, "दुसऱ्या अंकात माझा डोळा लागला. सपान पडलं. सपान चांगलं व्हतं." साहेब महिनाभर आमच्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी दुसऱ्या अंकाची बावीस मिनिटं कापली, आणि नाटक उभं राहिलं.

काकूंचं काम वेगळं होतं. सरांच्या घरी वाचन असलं की काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेल्या असायच्या. शाळा सातवीपर्यंत. नाटकाबिटकाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा. पण मधेच आतून आवाज यायचा, "लई बोलत्यात की गं ही मान्सं. ह्यान्ला कामधंदा न्हाई का?" सर लगेच बाहेरच्या खोलीत आम्हाला त्याचा अर्थ सांगायचे, "ती म्हणती, संवाद कमी कर." परत आतून, "आसं कुटं म्हणलं मी? मी म्हणलं कट्टाळा आला." सर म्हणायचे, "तेच ते." मला काकूंची पद्धत जास्त परवडायची. त्या तोंडावर बोलायच्या आणि लगेच ताटलीत गरम भाकरी आणि शेंगांची चटणी वाढायच्या. चटणीच्या तिखटानं डोळ्यांत पाणी आलंय की अपमानानं, हे ओळखू येत नसे.

सरांच्या तोंडचे शब्द मात्र उलटे होते. 'उत्तम' म्हणजे वही पेटीत ठेवून द्या. 'छान' म्हणजे पुन्हा लिहा. पाहुण्याच्या घरच्या गारढोण चहाला आपण छान म्हणतो, तसं छान. आणि फारच क्वचित, वर्षा-दोन वर्षांत एकदा, सर वही मिटून मान हलवत म्हणायचे, "बरं हाय." ते ऐकलेला माणूस आमच्यात महिनाभर ताठ मानेनं फिरायचा. पण हे ठाऊक असलेल्यांसाठी झालं. ज्याला ठाऊक नाही त्याचं काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यात माझाही हात होता.

चादरीच्या कारखान्यात नक्षी काढणारे एक जण होते. पन्नाशीचे, अबोल, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी कारखान्याच्या भोंग्यावर एक एकांकिका लिहून आणली आणि सरांच्या घरी आम्हा पाच-सहा जणांसमोर वाचली. मराठी त्यांचं दणदणीत, पण लिंगं इकडची तिकडे. 'माझा आई म्हणाली' असं एक वाक्य आलं आणि मी खुदकन हसले. त्यांनी मान वर केली नाही. वाचत राहिले. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "बरं हाय." त्यांनी कागद पिशवीत घातले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. त्यानंतर दोन महिने त्यांचा पत्ता नाही. कळलं ते असं, की त्यांनी एकांकिका फडताळात टाकली होती. एक शिकलेली बाई हसली आणि सर नुसतं 'बरं आहे' म्हणाले, म्हणजे आपल्याला मोठ्या मनानं कटवलं, असा त्यांनी अर्थ लावला होता. सरळ माणसानं दुसरा कुठला अर्थ लावावा?

सरांना हे कळलं त्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. पायात चपला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "चल."

"कुठं?"

"तू हसलीस आनि मी बरं म्हणलो. दोगांनी मिळून माणूस मारलाय. चल."

पूर्व भागातल्या एका बोळात, दोन यंत्रमागांच्या खडखडाटात, सर त्या घराच्या उंबऱ्यावर बसले आणि ओरडून ओरडून सांगू लागले. माग थांबवा म्हणाले नाहीत. त्यांच्या गावाकडं ज्वारी माणसाच्या छातीला लागली, कणसं हातभर झाली, तरी बाप बांधावर उभा राहून एवढंच म्हणायचा, की बरं हाय. त्याच्या वर शब्द नाही. छान म्हटलं की दृष्ट लागते, उत्तम म्हटलं की गारपीट होते. "तुमच्या नाटकाला दिष्ट लागू नै म्हणून मी बरं म्हणलो वो!" त्या गृहस्थांना आधी पटेना. मग ते आत वळून बायकोला तेलुगूत काहीतरी म्हणाले, ती हसली, आणि मग तेही हसले.

"आता तू," सर माझ्याकडे वळून म्हणाले.

मी इतकी शरमले होते की जमीन दुभंगेल तर बरं. "मी भाषेला हसले. नाटकाला नाही हसले. चूक झाली," एवढं कसंबसं बोलले.

"मग भाषा तेवढी दुरुस्त करून द्या की मॅडम," ते म्हणाले.

"आजाबात न्हाय," सर मधेच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या नाटकात तसंच बोलत्यात."

परत येताना सर माझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. "हसू आलं तर हसावं. दाबू न्हाई. पर कशाला हसलो ते त्या माणसाला सांगितल्याबिगर घरी जाऊ न्हाई." पुढं ती एकांकिका आम्ही केली. भाषेला हात न लावता.

आता त्या रविवारचं सांगायला हवं.

सर एका तालुक्याच्या गावी एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून पहाटेच्या एसटीनं गेले होते. एका दिवसात सहा एकांकिका. अकराच्या सुमाराला काकूंनी भिंतीपलीकडून मला हाक मारली. त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून. "जरा ये गं. छातीत कसंतरीच हुतंय." मी रिक्षा केली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. कागदावर नातेवाईक म्हणून मी माझं नाव लिहिलं आणि त्यांच्या उशाशी बसले.

सरांचा फोन बंद होता, हे काकूंनाही माहीत होतं आणि मलाही. पण स्पर्धा भरवणाऱ्यांचा फोन मिळवता आला असता. मी तसं म्हणाले तर काकूंनी माझं मनगट धरलं. "नको. पोरं वरीसभर घासत्यात. परीक्षकच मदनं उठून गेला तर त्यांनी काय करायचं? सांजच्याला येत्यातच की." डॉक्टरही तेव्हा म्हणत होते की घाबरण्यासारखं नाही. मी ऐकलं. मी का ऐकलं, हे मी आजवर स्वतःला शंभरदा विचारलं असेल. दोन वाजल्यानंतर काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. साडेतीनला मी फोन केला. त्या लोकांनी अंधारात सरांच्या हातात चिठ्ठी दिली आणि सर चालू नाटकातून उठले. जन्मात एकदाच. काकू पाचला गेल्या. सर साडेसहाला पोचले.

त्यांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "तू सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई?" एवढंच. त्या दिवशी नाही, दिवसकार्य झाल्यावर नाही, पुढं कधीच नाही. त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. महिन्याभरानं वह्या परत त्यांच्याकडे जाऊ लागल्या आणि समासात पाणी पडू लागलं. माठ आता ते स्वतः भरत होते, एवढाच फरक.

पाच वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, त्यांनी मला बोलावून एक जाड वही माझ्यापुढं सरकवली. पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पूर्ण भरलेली. अक्षर त्यांचं.

"वाच. समास मोठा सोडलाय."

ज्या माणसानं चाळीस वर्षं गावाचं लिखाण वाचलं, त्यानं लिहिलं होतं. आणि ते काकूंवर लिहिलं होतं.

पहिली चाळीस पानं मी एका बैठकीत वाचली. काकू लग्न होऊन आल्या त्या माहेरची विळी घेऊन, सासरची विळी चालत नाही म्हणून. सरांनी त्यांना पहिल्यांदा नाटकाला नेलं तर मध्यंतरात त्या घरी निघाल्या, कारण पडदा पडला म्हणजे संपलं. त्या रागावल्या की भाकरी जास्त मोठी थापायच्या. मी हसले, रडले, पंखा बंद पडलेलाही मला कळला नाही. माझी पेन्सिल नुसती हातात होती. एखाद्या माणसानं आपल्या बायकोवर असं लिहिलेलं मी तोवर वाचलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला हेवा वाटला.

मग एक्केचाळिसावं पान आलं. 'त्या सायंकाळी मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिचा क्षीण हात माझ्या हाती होता. नियतीच्या क्रूर हस्तानं...' मी वही मिटली आणि उठून माठातलं दोन भांडी पाणी प्यायले. उशाशी मी बसले होते. हात माझ्या हातात होता. पुढची एकशे साठ पानं सगळी तशीच होती. नियती, विरह, जीवनसंध्या, कुठल्यातरी जुन्या पाठ्यपुस्तकातून उसना आणलेला हुंदका. त्यात काकू कुठंच नव्हत्या. आणि सरही नव्हते.

आठ दिवस वही माझ्याकडं होती. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. पण सोनाराचाच कान टोचायचा झाला तर कुणी टोचायचा? पंचाहत्तरीचा माणूस. एकटा. मनातलं एकदाच कुणाला तरी दाखवलं, तर मी त्यावर पाणी पाणी पाणी लिहून परत देऊ? शेवटी मी समास कोराच ठेवला. वही परत दिली आणि म्हणाले, "सर, एका दमात वाचली."

सरांनी पानं भराभर चाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"सोलापूर. एप्रिल म्हैना. दोनशे पानं. आनि तुला एकदाबी तहान लागली न्हाई?"

मी कोपऱ्यातल्या माठाकडं बघितलं.

"मी तुला हरबऱ्याच्या झाडावर कवा चढवलं का? मग मला का चढवतीस? या वयात पडलो तर मोडंल की काहीतरी." त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "पुन्यांदा वाच. माझी कीव करायला वाचू नको. वाचायला वाच."

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी परत गेले. या वेळी पेन्सिल दोऱ्यानं ओढणीला बांधून वाचलं होतं. सर नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून बसले आणि एकेक पान उलटू लागले. चाळीस पानं कोरी गेली. एक्केचाळिसाव्याला त्यांचं बोट थांबलं. तिथं 'पाणी' होतं. त्याच्या पुढं शेवटपर्यंत आणखी सोळा होती, पण ती बघायला ते गेलेच नाहीत.

"हितं," ते म्हणाले.

"हो."

"का?"

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कुणालाच. मी काय काय ठरवून गेले होते; भाषेबद्दल बोलेन, शैली बदलते म्हणेन. तोंडातून भलतंच निघालं. "सर, तिथं मी बसले होते."

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पाच वर्सं तुला इचारलं न्हाई. भ्यालो. गावाला सांगत फिरलो खरं लिवा, खरं लिवा. आनि माझं पान आलं तवा नियती आणून बशिवली तितं." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून, "सांग. काय म्हणली ती?"

मी आधी सकाळचं सांगितलं. परीक्षकच मधून उठून गेला तर पोरांनी काय करायचं, असं म्हणाल्या. सर एकदम हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "तिचंच वाक्य. आगदी तिचंच." मग हसणं ओसरलं आणि ते परत माझ्याकडं बघू लागले.

"आनि मग?"

इथं मला थांबता आलं असतं. सकाळचं खरंच होतं की. पण ते माझ्याकडं एखाद्या वहीकडं बघावं तसं बघत होते आणि मला त्या नजरेपुढं कोरा समास ठेवायची दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

"मग विचारलं, 'आले का?'"

"कितींदा?"

दोन वाजल्यापासून पाच वाजेपर्यंत. दार वाजलं की, नर्स आली की, बाहेर कुणी खोकलं की. आले का. आले का गं. शेवटी बोलवेना झालं तेव्हा नुसतं दाराकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं. मी मोजलं नव्हतं. ते मोजण्यासारखं नव्हतंच.

"तीनदा," मी म्हणाले.

"तीनदाच?"

"तीनदाच, सर."

त्यांनी मान हलवली आणि वही मिटली. मी घरी येऊन खूप रडले. काकूंसाठी रडले, साडेतीनला केलेल्या फोनसाठी रडले, आणि त्याहून जास्त यासाठी, की ज्या माणसानं मला खरं लिहायला शिकवलं त्याच्या तोंडावर मी खोटं बोलून आले होते. पुन्हा तो प्रसंग आला तर पुन्हा तीनदाच म्हणेन, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

सर पुढं अडीच वर्षं होते. त्या वहीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, मीही विचारलं नाही. मनात एकच टोचत राहिलं. त्यांनी ते पान पुन्हा लिहिलं असेल तर त्यात माझं ते 'तीनदा' आलं असणार. जन्मभर खरेपणा जपलेल्या माणसाच्या वहीत एकच खोटा शब्द राहणार, आणि तो मी घातलेला.

ते गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं वही मला आणून दिली. वर माझं नाव होतं. एकशे साठ पानं मुळापासून कापून काढलेली. एक्केचाळिसावं पान नव्यानं लिहून चिकटवलेलं, आणि त्याच्यापुढं काही नाही. त्या पानावर एवढंच आहे:

'त्या दिवशी मी तिच्याजवळ नव्हतो. दुसऱ्या गावी एक नाटक बघत होतो. नाटक चांगलं नव्हतं. माझा फोन बंद होता. तिनं आले का म्हणून तीनदा विचारलं, असं तिच्या उशाशी बसलेली मुलगी सांगते. मुलगी मायाळू आहे.'